घड्यातला थेंब

दशलक्षण पर्वातला दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. त्या दिवशी आठ मदांची यादी होते आणि शरीराच्या मदापाशी आलं की सनत्कुमार चक्रवर्तीची कथा येतेच. लहानपणी मी ती आजीच्या मांडीला टेकून ऐकली, लग्नानंतर सासूबाईंच्या शेजारी बसून ऐकली, आता सूनबाईंच्या शेजारी बसून ऐकते. महाराज बदलतात, माताजी बदलतात, कथा तीच.

तुम्हाला ती ठाऊक आहेच. पण मला तिच्यातल्या एका प्रसंगाबद्दल बोलायचं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. सनत्कुमार हे बारा चक्रवर्तींतले चौथे. रूप असं की इंद्रानं भर सभेत स्तुती केली. दोन देवांना ते खरं वाटेना, म्हणून ते वेष पालटून पृथ्वीवर आले. राजा तेव्हा व्यायाम करून स्नानाच्या तयारीत होता. अंगावर दागिना नाही, धूळ लागलेली. तरीही देव बघत राहिले. राजा सुखावला. म्हणाला, आत्ता काय बघता, मी नटूनथटून सिंहासनावर बसेन तेव्हा या. ते दरबारात आले आणि माना हलवू लागले. मघाचं रूप आता राहिलं नाही, म्हणाले. दरबार चकित, कारण कुणालाच फरक दिसेना. मग देवांनी पाण्यानं भरलेला घडा मागवला. तो सगळ्यांना दाखवला, सगळ्यांना बाहेर पाठवलं, आणि राजासमोर गवताच्या काडीनं त्यातला एक थेंब काढून टाकला. दरबाऱ्यांना परत बोलावून विचारलं, काही फरक? सगळे म्हणाले, छे, होता तसाच भरलेला आहे. देव राजाला म्हणाले, तुझ्या रूपाचंही असंच आहे. राजाला वैराग्य आलं, त्यानं दीक्षा घेतली.

दोन वर्षांपूर्वी ही कथा ऐकताना मी मान डोलावत होते. प्रवचन कथेवरून अशुचि भावनेकडे वळलं. हा देह म्हणजे काय, तर हाडं, मांस, चरबी, वरून कातडीचं आवरण. चरबी हा शब्द आला तशी माझी मान आणखी जोरात हलली. पटलंच मला. बस्तीतून घरी येताना मात्र मनात प्रश्न आला की मला नेमकं काय पटलं? देह नश्वर आहे हे पटलं, की माझा देह घाण आहे हे पटलं? पहिलं वैराग्य आहे. दुसरं मी शाळेत असल्यापासून घोकत आले आहे, त्यासाठी मला बस्तीत जायची गरज नव्हती.

थोडं स्वतःबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या वर्षीच्या दशलक्षणापर्यंत माझं एकतीस किलो वजन कमी झालेलं होतं. एकोणनव्वदवरून अठ्ठावन्न. साखर वाढली होती, गुडघे बोलायला लागले होते, डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत समज दिली होती. वीस महिने लागले. लोकांच्या प्रतिक्रिया ठरलेल्या होत्या. अर्ध्याजणी म्हणाल्या, 'किती छान बारीक झालीस गं!' उरलेल्या अर्ध्याजणी हळूच म्हणाल्या, 'आजारीबिजारी होतीस की काय?'

आणि मला स्वतःला? मला काहीच झालेलं दिसत नव्हतं. आरशात तीच बाई. बस्तीच्या भोजनगृहात दोन टेबलांमधून जाताना मी अजून आडवी होऊन, पदर आवरून जायची. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसण्याआधी हातानं दाबून बघायची. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंनी टेप लावून आकडा सांगितला, तर मी म्हटलं, 'अक्का, परत घ्या, टेप दुमडली असेल.' त्यांनी परत घेतलं. तेच आलं. तरी मी दोन इंच वाढवून शिवायला लावलं, आणि ते ब्लाऊज खांद्यावरून घसरत राहिलं. एका लग्नातल्या मोठ्या फोटोत मी मला शोधत होते. नेहमीप्रमाणे कडेला, मागच्या ओळीत, कुणाच्या तरी आड लपलेली जाड बाई शोधत होते. ती सापडेना. एक हडकुळी बाई पुढे उभी होती, मनात आलं, ही कोण पाहुणी? साडीवरून ओळखलं. शहापूरची साडी, माझीच.

हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसते. पण खोलीत एकटी असते तेव्हा हसू येत नाही. वीस महिने भात मोजून खाल्ला, पहाटे उठून चालले, आणि ज्या बाईला घालवायचं होतं ती आरशात ठाण मांडून बसलेली. मग वाटतं, अजून पाच किलो. अजून तीन. आकडा जाईल तिकडे ती मागून येते.

अशा दिवसांत लेकीच्या कपाटातून एक कादंबरी हाती लागली. मार्गारेट अ‍ॅटवुडची 'लेडी ओरॅकल', १९७६ सालची. कॅनडातल्या या लेखिकेची ही तिसरी कादंबरी. बी.ए.ला इंग्रजी वाचलं होतं त्या बळावर डिक्शनरी घेऊन बसले. पहिली शंभर पानं मी दोनदा वाचली, कारण मला वाटलं ती माझ्यावरच लिहिली आहेत.

गोष्ट जोन नावाच्या मुलीची, टोरांटो शहरातली. जोन लहानपणापासून जाड. आई देखणी, नीटनेटकी, सतत नाराज. आईच्या ड्रेसिंग टेबलाला तीन बाजूंचा आरसा आहे, आणि छोटी जोन तिला नटताना बघत बसते. तिला स्वप्न पडतं, की आईला खरोखरच तीन डोकी आहेत. पुढे नाचाच्या वर्गाचा कार्यक्रम ठरतो. मुलींना फुलपाखरं व्हायचं असतं. जोनला फुलपाखराचा पोशाख घालून बघितल्यावर आईचं आणि बाईंचं ठरतं, की हे बरं दिसत नाही. तिला पंखांऐवजी डांबरगोळीचा पोशाख चढवतात. कपड्यांत कसर लागू नये म्हणून ठेवतो ती डांबरगोळी. फुलपाखरांच्या नाचात शेवटी डांबरगोळी येते, प्रेक्षक हसून लोळतात, टाळ्या सगळ्यांत जास्त तिलाच पडतात. सात वर्षांच्या मुलीला त्या टाळ्यांचा अर्थ बरोबर कळतो. हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावत बसले. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला झाड केलं होतं. झाडाला हलायचं नसतं.

जोन पुढे मुद्दाम खाते. आईशी तिची लढाईच सुरू होते, आणि हत्यार एकच, स्वतःचं अंग. तिला समजून घेणारी एकच बाई, तिची लू आत्या. आत्याही जाड, खुशाल, सिनेमाला नेणारी. आत्या वारते आणि मृत्युपत्रात जोनला दोन हजार डॉलर ठेवते, पण अट घालते, शंभर पौंड वजन कमी केलंस तरच. जोन ते करते. इथे अ‍ॅटवुडनं जे लिहिलं आहे ते मला या कादंबरीतलं सगळ्यांत खरं वाटतं. ज्या आईनं वर्षानुवर्षं मुलीला बारीक हो म्हणून छळलं, तीच आई मुलगी खरोखर बारीक व्हायला लागल्यावर बिथरते. घरभर केक आणि पाय करून ठेवते, मुलीला मोह व्हावा म्हणून. शेवटी एकदा सुरीच उचलते आणि मुलीच्या दंडावर मारते. मुलगी घर सोडून निघून जाते.

नेहमीच्या गोष्टीत इथे शेवट आला असता. जाड मुलगी बारीक झाली, सुंदर झाली, सुखानं राहिली. आपल्याकडच्या सिनेमांचंही पाहा. अलीकडे जाड नायिका पडद्यावर आल्या हे चांगलंच झालं. 'दम लगा के हईशा'मधली संध्या तर मला फार आवडते, कारण ती रडत बसत नाही, नवऱ्याला खडसावून माहेरी निघून जाते. पण तो सिनेमा जाड बाईला आहे तशी पत्करायला शिकवतो. जिचं वजन उतरलंय आणि तरी जी आत जाडच आहे, तिच्यापाशी कुणी थांबत नाही. अ‍ॅटवुड तिच्यापाशी थांबते. जोन बारीक झाल्यावर कादंबरीचा मोठा भाग अजून शिल्लक असतो.

त्या भागात काय होतं? जोन इंग्लंडला जाते, टोपणनावानं भावनाप्रधान कादंबऱ्या लिहिते, लग्न करते. आणि नवऱ्यापासून एक गोष्ट लपवते. व्यभिचार नाही, चोरी नाही. आपण एके काळी जाड होतो हे लपवते. नवऱ्याच्या हाती तिचा जुना फोटो लागतो तेव्हा ती थाप मारते, की ही माझी एक मावशी. स्वतःलाच ती नातेवाईक करून टाकते! मात्र तिच्या मनातून ती जाड मुलगी जात नाही. कल्पनेत तिला सर्कशीतली एक लठ्ठ बाई दिसत राहते, गुलाबी पोशाखात, तारेवर चालणारी. खाली लोक हसायला जमलेले, आणि ती पडत नाही.

मला वाटतं, या लठ्ठ बाईला अ‍ॅटवुडनं भूत केलं नाही हे तिचं मोठेपण. ती भयानक नाही. ती हास्यास्पद आहे आणि तरी तिच्यात एक डौल आहे. जोन तिला लाजते, आणि तिच्याचसाठी तिचा जीव तुटतो. शिवाय जोनला बारीक झाल्यावर भीती वाटते, कारण आता रस्त्यावरचे पुरुष तिच्याकडे बघतात. जाडी ही तिची चिलखतासारखी होती, ते निघाल्यावर ती उघडी पडली. वजन कमी झालेल्या किती बायका हे कुणाला सांगतात? आपण फक्त फायदे सांगतो. साखर आटोक्यात आली, जिना चढता येतो. आणि ते खरंच असतं.

या अनुभवाकडे डॉक्टरांनी पूर्वीच लक्ष दिलं आहे. अमेरिकेत अल्बर्ट स्टंकार्ड आणि मायर मेंडेलसन या दोघांनी १९६०च्या दशकात लठ्ठ रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळलं, की स्वतःच्या शरीराची ही घृणा मुख्यतः लहानपणापासून जाड असलेल्यांत घट्ट बसलेली असते. मोठेपणी वजन वाढलेल्यांत ती तितकी नसते. हिल्डे ब्रुख या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६२ साली अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांबद्दल लिहिलं, की हाडांचा सापळा झालेल्या मुलींनाही आपण बारीक आहोत हे दिसत नाही. पुढे १९७३च्या त्यांच्या पुस्तकात बारीक झालेल्या जाड माणसांवर वेगळं प्रकरण आहे. वजन गेलं तरी मनानं जाड राहिलेली माणसं. युद्धात पाय तुटलेल्या सैनिकांना तो पाय आहेच असं वाटत राहतं, तो दुखतो, त्याला खाज सुटते. वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरनं १८७१ साली त्याला भासमान अवयव अशा अर्थाचं नाव दिलं, ते आजही चालतं. त्याच धर्तीवर गेलेल्या चरबीचाही भास होतो असं आता म्हणतात. कारणही समजण्यासारखं आहे. आपल्या मनात आपल्या अंगाचा एक नकाशा असतो. तो वर्षानुवर्षं दारातून जाताना, खुर्चीत बसताना, लोकांच्या नजरा झेलताना तयार होतो. पन्नास वर्षांत काढलेला नकाशा वीस महिन्यांत कसा पुसला जाईल?

हे वाचून मला पहिल्यांदा हलकं वाटलं. म्हणजे मी वेडी नाही, कृतघ्नही नाही.

तरीही कादंबरीबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत, आणि त्या मी अ‍ॅटवुडला समोर बसवून सांगितल्या असत्या. पहिली, जोनची आई. ती फार सरळ खलनायिका झाली आहे. आमच्याकडच्या आया अशा नसतात. आमची आई एका हातानं तुपाची धार सोडायची आणि दुसऱ्या हातानं कपाळ बडवायची, 'हिला कोण करून घेणार!' प्रेम आणि टोमणा एकाच ताटात वाढलेले असायचे. त्यामुळे आईवर रागावून घर सोडायची सोय आमच्यापैकी कुणालाच नव्हती. जिनं खाऊ घातलं तिच्यावर राग कसा धरायचा? तो राग मग आपल्याच अंगावर निघतो. जोनचं दुःख आईनं दिलेलं आहे, आमचं दुःख आईच्या मायेत कालवलेलं आहे. ते वेगळं काढणं जास्त अवघड.

दुसरी तक्रार, कातडीची. जोन विशीच्या आतबाहेर आहे, बारीक होते आणि देखणी होते. पन्नाशीतल्या बाईचं वजन उतरतं तेव्हा कातडी तिथेच राहते. पोटावर, दंडावर, मांड्यांवर रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. आरसा खोटं सांगतो म्हणावं, तर पूर्ण खोटंही सांगत नाही. तिथे खरंच काहीतरी आहे, पण ते चरबी नाही, चरबी राहत होती ते घर आहे. कादंबरीत याबद्दल मनात राहील असं काही नाही. चाळिशीच्या आतल्या लेखिकेला ते सुचलं नसेल, हे मी समजू शकते. पण माझ्यासारख्या वाचकबाईची नजर तिथेच अडते.

आता परत सनत्कुमाराकडे येते, कारण कादंबरी वाचून झाल्यावर मला ती कथा वेगळी ऐकू यायला लागली.

प्रवचनात या कथेचा रोख नेहमी एकाच बाजूला असतो. रूप टिकत नाही, म्हणून देहाचा गर्व करू नका. बरोबर आहे. पण घड्याचा प्रसंग नीट बघा. तिथे देवांनी देह घाण आहे असं म्हटलेलंच नाही. त्यांनी दाखवलं ते एवढंच, की बदल झाला तरी डोळ्यांना तो दिसत नाही. पाणी कमी झालं होतं आणि अख्खा दरबार शपथेवर सांगत होता की झालं नाही. मी त्या दरबारातलीच आहे. फरक एवढाच, की त्यांच्या घड्यातून एक थेंब गेला होता, आणि माझ्या घड्यातून तिसरा हिस्सा पाणी गेलं तरी मला तो काठोकाठ भरलेला दिसतो. पन्नास वर्षं ही कथा ऐकून मी एवढंच शिकले होते की देहाचा भरवसा धरू नये. डोळ्यांचाही धरू नये, हे त्याच कथेत होतं. ते कुणी सांगितलं नाही आणि मीही ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट, ही कथा कुणासाठी आहे? ज्याला आपल्या रूपाचा मद आहे त्या राजासाठी. त्याच्या रोगावर ते औषध अचूक आहे. पण तेच औषध सभामंडपात बसलेल्या सगळ्यांना सरसकट पाजलं जातं. तिथे अशी बाई बसलेली असते जिनं आयुष्यात एकदाही आपल्या रूपाचा गर्व केलेला नाही, उलट आरशासमोरून मान खाली घालून गेली आहे. तिला देहाची किळस करायला सांगणं म्हणजे साखर कमी झालेल्या माणसाला साखर उतरवायची गोळी देणं. आपल्या धर्मानं राग सोडायला सांगितला तसा द्वेषही सोडायला सांगितला आहे. दोन्ही बांधतात. रूपावर लुब्ध झालेली बाई दिवसभर देहाचा विचार करते, आणि रूपाचा तिटकारा करणारी बाईही दिवसभर देहाचाच विचार करते. मी दुसरी होते, आणि स्वतःला विरक्त समजत होते.

अशुचि भावना खोटी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. बारा भावनांमध्ये ती एकटी नाही, एवढंच. तिच्या अलीकडे अन्यत्व भावना आहे. देह वेगळा, मी वेगळी. ज्यानं देह वेगळा आहे हे जाणलं त्याला त्याची किळस करायचं कारणच काय? भाड्याच्या घराच्या भिंतीला ओल आली म्हणून कुणी स्वतःला शिव्या देत नाही. दुरुस्त होईल तेवढं करतो, राहतो, वेळ आली की सोडतो. मला वाटतं, प्रवचनात अन्यत्वाला पाच मिनिटं मिळतात आणि अशुचीला अर्धा तास, कारण हाडामांसाचं वर्णन रंगतं. आणि समोर बसलेल्या बहुसंख्य बायकाच असतात.

कथेचा उत्तरार्धही फारसा सांगत नाहीत. दीक्षेनंतर सनत्कुमार मुनींना भयंकर व्याधी होतात. देव वैद्याचा वेष घेऊन येतो आणि म्हणतो, मी बरं करतो. मुनी विचारतात, जन्ममरणाचा रोग बरा करता येतो का तुला? तो असेल तर कर. हेच मुनी एके काळी कुणीतरी आपल्याला बघावं म्हणून सिंहासनावर नटून बसले होते. आता सडलेल्या अंगाकडे ते बघतही नाहीत. प्रेमानं नाही आणि किळसेनंही नाही. कथेचा शेवट हा आहे.

आता जे लिहिणार आहे ते काहीजणींना खटकेल. आपल्याकडे उपवास आणि बारीक होणं यांची फार सोयीस्कर गाठ पडली आहे. पर्वाच्या आधी हळूच बोललं जातं, 'दहा दिवस केले की चार किलो तरी जातील.' पारण्याला सत्कार होतो, फोटो निघतात, आणि खाली तपाच्या अनुमोदनेइतकेच 'किती स्लिम दिसतेस' हेही उद्गार येतात. तत्त्वार्थसूत्रात व्रती निःशल्य असावा असं सांगितलं आहे. शल्यं तीन, माया, मिथ्यात्व आणि निदान. व्रताच्या बदल्यात काही भोग मागणं म्हणजे निदान. स्वर्ग मागितला तरी ते निदान, मग कंबर मागितली तर ते काय? वजन उतरवायला उपाशी राहायचं असेल तर डॉक्टरांना विचारून राहावं. त्याला तप म्हणू नये.

हे मी सहज लिहीत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीनं, अठरा-एकोणीस वर्षांच्या, दहा उपवास केले. पालखीसारखी मिरवली तिला. मीही ओवाळलं. पारणं झालं, पण मुलगी जेवणावर आलीच नाही. आज एकाशन, उद्या रसत्याग, परवा पोट दुखतं. ताटातले बदाम मोजून खायची. पाळी थांबली. घरातले कौतुकानं सांगत होते, धर्माची ओढ लागली. मी एकदा तिला खोलीत आरशासमोर उभी पाहिली. पोट आत ओढून, एका कुशीवर वळून, दोन बोटांत कातडी धरून. ती उभं राहण्याची पद्धत मी ओळखली. चाळीस वर्षं मी तशीच उभी राहत आले आहे. तिच्या आईला बाजूला घेऊन म्हटलं, 'वहिनी, ही ओढ धर्माची नाही. हिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आजच्या आज फोन करा.' वहिनींना राग आला. आठ दिवस बोलल्या नाहीत. मग नेलं. मुलगी आता औषधोपचारावर आहे, सावरते आहे, अजून पुष्कळ चालायचं आहे. ती डांबरगोळी नव्हती, ती आमच्या घरातली सगळ्यांत सुंदर मुलगी होती. तरीही. म्हणून सांगते, अशी मुलगी घरात दिसली तर तिची पूजा करू नका, तिला दवाखान्यात न्या.

अशा रुग्णांना उपचारात एक साधा प्रयोग करायला लावतात. दोरी घ्यायची, आपली कंबर केवढी असेल असं वाटतं तेवढा वेढा जमिनीवर मांडायचा. मग तीच दोरी खरोखर कमरेला लावून बघायची. त्या मुलीबरोबर मीही केलं. सुतळीच घेतली घरातली. तिची चूक वीतभर निघाली. माझी वीत आणि चार बोटं. आम्ही दोघी त्या उरलेल्या सुतळीकडे बघत बसलो. तेवढी बाई अस्तित्वातच नव्हती, आणि तिच्यापायी आम्ही दोघींनी केवढा त्रास काढला होता.

मी बरी झाले असं लिहून लेख गोड करता येईल, पण तसं झालेलं नाही. आरशात अजून तीच दिसते, रोज नाही, आठवड्यातून तीन-चारदा. फरक एवढाच, की आता मी आरशाला साक्षीदार मानत नाही. ब्लाऊजच्या बाई जो आकडा सांगतात तो लिहून ठेवते आणि तेवढंच शिवून घेते. अजून पाच किलो, हा धावा बंद केला आहे. वजनकाटा डॉक्टरांच्या दवाखान्यातला, तीन महिन्यांतून एकदा.

आणि जोनचा तो फोटो. गेल्या दिवाळीत सूनबाई जुना अल्बम घेऊन बसली होती. तिनं लग्नानंतर मला बारीकच पाहिलेलं. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, 'आई, या कोण? तुमच्या मोठ्या बहीण का?' क्षणभर जोनची थाप माझ्या जिभेवर आली होती. हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. फोटोतली बाई मांडीवर आमच्या लेकीला घेऊन बसली होती, तोंडभर हसत होती, दंड ब्लाऊजमध्ये मावत नव्हते. त्या दंडांनीच तिनं दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलं.

मी म्हटलं, 'मीच आहे गं ती. नीट बघ.'

तिनं बघितलं. मग मीही बघितलं.